अ‍ॅनिमेशन फिल्मसाठी सोलापूरची पहाट रंगवतेय : बॅकग्राउंडबद्दल मदत हवी आहे

तलावकाठ

नमस्कार. मी अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघं मिळून तीन मिनिटांची फिल्म करतोय. एकाकडे पात्रं, एकाकडे हालचाल आणि सगळी बॅकग्राउंड्स माझ्याकडे, एकूण अकरा.

गोष्ट माझ्या आजोबांची आहे. ते पूर्व भागात यंत्रमागावर रात्रपाळी करायचे. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धरामेश्वर यात्रेच्या, दिवसांत पाळी संपली की घरी न येता, कारखान्यातच बाराबंदी (यात्रेतला पांढरा अंगरखा) चढवून बाळीवेशीकडे निघायचे, नंदीध्वजांची, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक गाठायला. मी आठ वर्षांची असताना एकदा पहाटे काकाबरोबर त्यांना आणायला गेले होते आणि त्यांचं बोट धरून तशीच पुढे गेले. फिल्ममध्ये एवढंच आहे : मागाचा कारखाना, पहाटेची गल्ली, मिरवणूक आणि शेवटी तलावाकाठी अक्षतांचा सोहळा.

सात बॅकग्राउंड्स काढून झाली, ती आणि चालीचा शॉट सोबत जोडलाय, पण एकाचंही समाधान नाही. आजोबा गल्लीत आले की दिसेनासे होतात. गल्ली कुठल्याही गावची वाटते. ती सोलापूरची वाटावी म्हणून मी तिच्यात गिरणीची चिमणी, किल्ल्याचा बुरूज, चादरींचं दुकान, कडक भाकरीची टोपली असं घालत गेले, तर नुसती गिचमिड झाली. पॅनमध्ये, म्हणजे कॅमेरा गल्लीवरून सरकत जातो त्या शॉटमध्ये, आजोबांचे पाय रस्त्यावरून घसरल्यासारखे दिसतात. लॅपटॉप ८ जीबीचा आहे, क्रिटा (चित्र काढायचं सॉफ्टवेअर) उघडलं की थोड्या वेळात अडकतं. हातात पाच आठवडे आहेत.

आजोबा आता नाहीत. त्यामुळे हे नीट व्हावं असं फार वाटतं. जे सुचेल ते सांगा.

रंगपेटी

नऊ वर्षं बॅकग्राउंड रंगवण्याचंच काम करतेय, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी आजोबा का हरवतात ते बघू. क्रिटात सगळ्यात वर एक नवा लेअर घे, तो करड्या रंगानं भर आणि त्याचा ब्लेंडिंग मोड ‘कलर’ कर. सगळं चित्र कृष्णधवल दिसेल. आता आजोबांचं पात्र त्या करड्या लेअरच्या खाली ठेव. बाराबंदी पांढरी, पहाटेचं आभाळ फिकं, भिंतीला चुना. तिन्ही एकाच उजेडात बसलेत ना? मग डोळ्याला कडा सापडणार कुठून? रंग कितीही वेगळे असोत, उजळपणा सारखा असेल तर पात्र भिंतीत विरघळतंच.

पांढऱ्या कपड्यातलं पात्र ही खरं तर तुझी चैन आहे. बाकी सगळं एक पायरी खाली आण. भिंती, रस्ता, दारं यांना गडद आणि मधल्या छटांतच राहू दे, सगळ्यात उजळ छटा फक्त आजोबांसाठी राखून ठेव. म्हणजे पूर्ण फ्रेममध्ये त्यांच्याहून पांढरं काही नको. ट्यूबलाइटसुद्धा किंचित निळसर, थोडी मंद. आभाळ उजळ हवंच असेल तर ते गल्लीच्या टोकाला चिंचोळं दाखव आणि आजोबांचं डोकं त्याच्यावर येऊ देऊ नकोस.

दुसरं, तुझ्या सातही चित्रांची डोळ्याची पातळी तपास. तू लिहिलंस की आठ वर्षांची असताना तू हे बघितलंस. मग कॅमेरा त्या मुलीच्या डोळ्यांवर ठेव, जमिनीपासून पावणेचार फुटांवर. सपाट रस्त्यावर क्षितिजरेषा सारख्या उंचीच्या प्रत्येक माणसाला एकाच ठिकाणी छेदते, तो जवळ असो की लांब. इथे ती साडेपाच फुटी आजोबांना छातीशी छेदेल आणि नातीच्या डोळ्यांतून जाईल. हे एकदा ठरलं की गर्दीतली पन्नास माणसंसुद्धा बिनचूक बसतात. क्रिटाच्या असिस्टंट टूलमध्ये व्हॅनिशिंग पॉइंट आहे, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू. तो त्या रेषेवर ठेव आणि ब्रशला असिस्टंटवर स्नॅप व्हायला सांग.

आणि चिमणी, बुरूज, भाकरी हे सगळं एका गल्लीत कोंबू नकोस, बाई. सोलापूरचा माणूस ते बघून म्हणेल की अशी जागाच नाही. बाहेरच्याला ते कळणार नाही. गल्लीसाठी एकच खूण निवड.

धोटा

आमचे चार माग होते, साखर पेठेत. कारखान्याचं चित्र बघितलं. लई मनापासून काढलंयस, पण जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, बाजूला कुठं असतंय? ते मागाच्या वर असतंय, लोखंडी घोडीवर. तिथनं शेकडो दोऱ्या खाली ताण्यावर, म्हणजे उभ्या सुतावर, उतरतात. म्हणून तर जॅकार्डच्या कारखान्याचा पत्रा उंच ठेवावा लागतोय. तुझ्या चित्रात पत्रा डोक्याला लागायलाय.

ताण्याचा बीम मागाच्या पाठीमागं, विणलेली चादर पुढं, कामगाराच्या पोटाशी गुंडाळत येत्याय. तो बसत नाही, उभाच असतोय, आणि एका माणसाकडं एकाहून जास्त माग असले की ह्या मागावरनं त्या मागावर फिरत राहतोय. तुझे आजोबा स्टुलावर बसलेत, ते काढून टाक. आडव्या सुताची कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की जोडायचा, बसायला सवड कुठली.

आणि सुताची धूळ विसरू नको. वायरवर, पंख्यावर, जाळ्यांवर, सगळ्याच्या वर पांढरट मऊ थर असतोय. एकही कड स्वच्छ दिसत नाही. आमच्या वडलांच्या भुवयांवर पण असायची. माग बंद झाले तेव्हा ती धूळ आम्ही कितीतरी दिवस झाडत होतो.

रंगपेटी

@धोटा, हे लाखमोलाचं सांगितलंत. @तलावकाठ, कारखान्याचा सगळा उजेड ह्या धुळीत आहे. ट्यूबलाइटभोवती मोठ्या मऊ ब्रशनं अगदी हलकं वलय दे, आणि लांबचे माग फिके, धूसर ठेव. एरवी लांबचं फिकं दिसायला मैलभर हवा मध्ये लागते, तुला ते पन्नास फुटांत मिळतंय. त्या उभ्या दोऱ्या एकेक काढू नकोस. चार-पाच पट्टे गडद ओढ, बाकीच्या जागी फिका रंग.

चौकट

मी कंपोझिटिंगवाला, पात्रं आणि बॅकग्राउंड एकत्र जोडणारा, त्यामुळे पॅनचा हिशेब मांडतो. तुझं गल्लीचं चित्र ५७६० × १०८० आहे आणि फ्रेम १९२० ची, म्हणजे सरकायला ३८४० पिक्सेल मिळतात. शॉट ८ सेकंदांचा, २४ फ्रेमच्या हिशेबानं १९२ फ्रेम. दर फ्रेमला २० पिक्सेल.

आता आजोबांची चाल बघ. पडद्यावर ते ६०० पिक्सेल उंच आहेत, म्हणजे एक फूट साधारण ११० पिक्सेल. चालीचं आवर्तन २४ फ्रेमचं, दोन पावलांचं. तेवढ्यात रस्ता ४८० पिक्सेल मागं जातो, जवळपास साडेचार फूट. एवढ्या ढांगा तरुण माणूस टाकतो. तुझ्या मित्रानं काढलेली पावलं आखूड आहेत, दोन पावलांत सव्वातीन फूट, साधारण ३६० पिक्सेल. पाय घसरतात ते ह्यामुळे. रस्ता दर फ्रेमला १५ पिक्सेल सरकव. शॉट २५६ फ्रेमचा होईल, पावणेअकरा सेकंदांच्या आत. तीन सेकंद जास्त लागतील, पण रात्रपाळी करून निघालेला म्हातारा माणूस तसाच चालतो.

एक गोष्ट राहते. पात्र ‘टूज’वर असेल, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरलेलं असेल, आणि रस्ता दर फ्रेमला सरकत असेल, तर टेकलेला पाय थरथरतो. त्या शॉटपुरती चाल ‘वन्स’वर करा, नाहीतर रस्ताही दोन फ्रेमला ३० असा सरकवा. मी पहिलं करीन.

लेअर वेगवेगळ्या वेगानं सरकवणार असशील तर रुंदी आधीच काढून ठेव. लांबची चिमणी दर फ्रेमला ३ पिक्सेल, म्हणजे १९२० अधिक ७६८, २६८८ रुंद पुरे. अगदी पुढचा लेअर, खांब किंवा ओटा, २४ पिक्सेल. त्याला ८०६४ लागेल. वेग पूर्णांकात ठेव, बारीक रेघा लुकलुकत नाहीत.

लॅपटॉप अडकतो कारण तू १६ बिट रंगांमध्ये काम करतेस. ५७६० × १०८० चा एक भरलेला लेअर ८ बिटमध्ये सुमारे २५ एमबी, १६ बिटमध्ये ५०. चाळीस लेअर झाले की २ जीबी नुसत्या रंगाचे, वर अनडूची साठवण वेगळी. ८ बिटवर ये. पहाटेच्या आभाळात पट्टे दिसतील, त्यावर किंचित ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा, टाक.

नवी_पेठ

एवढा त्रास कशाला? पहाटे जाऊन मोबाइलवर फोटो काढायचे आणि त्यावरच रंगवायचं. पाच आठवड्यांत अकरा चित्रं हातानं होत नाहीत.

रंगपेटी

फोटो जरूर काढावेत, मीही काढते. पण त्यावर गिरवू नये. मोबाइलची लेन्स बरीच रुंद असते. अरुंद गल्लीत ती जवळच्या भिंती ताणते आणि टोकाचं दार नको इतकं लांब नेते. शिवाय फोनचं तोंड जरा वर केलं की उभ्या रेषा आत झुकतात. त्या चित्रावर सरळ उभं काढलेलं पात्र ठेवलं तर दोघं एका जागेत आहेत असं वाटतच नाही. आणि फोटोत सगळ्याला सारखं महत्त्व असतं, मीटरची पेटी आणि आजोबांचा चेहरा एकाच तपशिलानं येतात. चित्रात तेच तर ठरवायचं असतं.

वेळेचं म्हणशील तर अकराच्या अकरा चित्रांची तळहाताएवढी रंगीत टिपणं एकाच कागदावर एका दिवसात कर. काळोखापासून दुपारपर्यंत उजेड कसा बदलतो ते ओळीनं दिसेल. ते पटलं की एकेक चित्र दोन दिवसांत होतं.

जाता जाता : मघाशी वेगवेगळ्या वेगाच्या लेअरचं निघालं. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा हेच काम काचांवर होत असे. एकाखाली एक काचा, प्रत्येकीवर चित्राचा एक भाग, आणि वरून खाली बघणारा कॅमेरा. डिस्नेनं हा मल्टिप्लेन कॅमेरा १९३७ च्या ज्या लघुपटात पहिल्यांदा वापरला त्याचं नाव ‘द ओल्ड मिल’. त्यातली मिल म्हणजे पवनचक्की, पण सोलापूरचा विषय निघाला की मला ते नाव नेहमी आठवतं.

बाळीवेसकर

सोलापूरची पहिली कापडगिरणी आम्ही अजून ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखतो. लहानपणी भोंग्यावर आमच्या घरातलं चुलीपासून शाळेपर्यंतचं सगळं चालायचं.

मुली, मी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला आणि जन्म बाळीवेशीत गेला. तुझं अक्षतांचं चित्र पाहिलं. त्यात सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्यात. तसं आपल्याकडे मे महिन्यात होतं. सोलापूरचा अक्षांश साडेसतराच्या थोडा वर, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. संक्रांतीला सूर्य दक्षिणेला असतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून ५१ अंशांपलीकडे चढत नाही. पाच फुटी माणसाची सावली तेव्हा चार फूट पडते आणि ती उत्तरेकडे पडते. चित्रात उत्तर कुठे ते आधी ठरव, मग सगळ्या सावल्या एका दिशेला टाक. त्या दुपारच्या उन्हाची गोडी त्या लांब सावलीतच आहे. मेचं ऊन काढलंस तर ती यात्राच राहणार नाही.

पहाटेचंही तसंच. जानेवारीच्या मध्याला सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि त्याआधीचा उजेड वीस-पंचवीस मिनिटांत पसरतो. आपल्याकडे उजाडतं ते झपाट्यानं. तुझ्या गल्लीच्या तीन शॉटमध्ये तो फरक दिसायला हवा : पहिल्यात दिव्यांचा उजेड जास्त, दुसऱ्यात दोन्ही सारखे, तिसऱ्यात दिवे चालू असूनही निकामी. सूर्य तेव्हा पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो, म्हणजे पूर्व-पश्चिम गल्लीत पहिलं ऊन एकाच बाजूच्या भिंतीवर तिरपं येईल.

एक विचारतो. नंदीध्वज सात आहेत, तू पाचच काढलेस. ते पुढच्या चित्रात सुधारशील ना?

तलावकाठ

काका, सात करते. माझ्याकडून मोठी चूक झाली. पण खरी अडचण तिथेच आहे. काठी इतकी उंच की आडव्या फ्रेममध्ये ती बसवायची तर माणसं मुंगीएवढी होतात. वर कापली तर उंची कळत नाही.

चौकट

उभा पॅन कर. १९२० × ३२४०, म्हणजे एकावर एक तीन फ्रेम. सरकायला २१६० मिळतात, दर फ्रेमला १२ पिक्सेल धरले तर १८० फ्रेम, साडेसात सेकंद. खाली पेलणाऱ्याच्या कमरेपासून सुरू कर, वर काठीच्या टोकाच्या बाशिंगापर्यंत जा.

रंगपेटी

आणि त्या उभ्या चित्रात नजर बदलत ने. तळाशी सरळ समोर बघितल्यासारखं, मधे माडीच्या खिडक्या किंचित खालून, वर छपरांच्या कडा पूर्ण खालून. एका वेळी फ्रेममध्ये तिसरा हिस्साच दिसतो, त्यामुळे जोड कळत नाही, मुलीनं मान वर केल्याचा भास मात्र होतो. वरचा भाग जवळजवळ रिकामा ठेव. आभाळ आणि काठी, बस.

बाळीवेसकर

मान वर केल्याचा भास हे वाचून बरं वाटलं. आम्हीही लहानपणी तेच करायचो. काठी पेलणारा माणूस मात्र वर बघत नाही, त्याचं सगळं लक्ष तोलाकडे असतं.

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशीच लग्न करीन असा हट्ट धरला आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं, अशी कथा आहे. अक्षता त्या लग्नाच्या. गर्दी काढताना हे मनात ठेव. ती तमाशा बघायला जमलेली माणसं नव्हेत, लग्नाला आलेली आहेत. प्रत्येकाची मूठ मिटलेली असते, अक्षता सांभाळत.

धोटा

मिटलेल्या मुठी! हे आम्ही दरवर्षी करतो आणि कधी लक्षात आलं नव्हतं.

गल्लीबद्दल एक. आमच्याकडं घरात तेलुगू, शेजारी कन्नड, रस्त्यावर मराठी. पाट्या काढायच्या असतील तर खऱ्या दुकानाचं नाव घालू नको, अक्षरं अर्धवट झाकलेली चालतील. पण पहाटे कांड्या भरायचा आवाज, दारापुढं सडा टाकणारी बाई, ओला रस्ता, हे पाटीपेक्षा जास्त आमचं आहे.

रंगपेटी

ओला रस्ता! @तलावकाठ, हीच तुझी एक खूण. ओल्या जागी रस्ता आणखी गडद होतो, दाराच्या उजेडाची लांब रेघ त्यात उतरते, आणि आजोबा त्या गडद पट्ट्यासमोरून गेले की पायांपर्यंत स्पष्ट दिसतात. काळ्या दगडाचं जोतं असेल तर त्याला शुद्ध काळा लावू नकोस. पहाटे तो निळसर करडा दिसतो, वरच्या कडेला आभाळाचा फिका उजेड असतो.

तलावकाठ

दोन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

गल्ली पुन्हा पहिल्यापासून काढली. बुरूज, दुकान, टोपली सगळं गेलं. चिमणी फक्त तिसऱ्या शॉटमध्ये, लांब, एकाच सपाट छटेत. डावीकडे दगडी जोती, उजवीकडे एक उघडं दार आणि त्याच्यासमोर सडा टाकलेला रस्ता. कृष्णधवल करून बघितलं तर आजोबा पहिल्या फ्रेमपासून दिसतात. रस्ता १५ पिक्सेलवर आणला आणि चाल वन्सवर काढली, पाय टेकतात. मित्रानं चोवीसही चित्रं नव्यानं काढली, त्याचे आभार इथेच मानते. ८ बिटवर आल्यापासून क्रिटा एकदाही अडकलं नाही.

गेल्या रविवारी पहाटे पाचला साखर पेठेत जाऊन बसले. @धोटा, तुम्ही सांगितलेल्या एका कारखान्यात त्यांनी मला आत येऊ दिलं. जॅकार्ड वर असतं हे वाचलं होतं, पण खाली उभं राहून वर बघितल्यावर त्या दोऱ्या पावसासारख्या वाटल्या. स्टूल काढलं, पत्रा उंच केला, माग सहावरून तीनवर आणले. तिथली वीस-पंचवीस रेखाटनं झाली, त्यातली चार वापरलीत.

उभ्या पॅनचं चित्र सगळ्यात अवघड गेलं. तीनदा पुसलं. सात नंदीध्वज आहेत, पण कॅमेरा एकाच्याच बाजूनं वर जातो, बाकीचे सहा कडेनं येऊन जातात.

एकच गोष्ट उरलीय. पात्रं पुढच्या लेअरच्या मागून गेली की कडेला पांढरी बारीक रेघ दिसते. काय करू?

चौकट

खांब पांढऱ्या पानावर रंगवून नंतर पांढरं खोडलंस, त्यामुळे कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये पांढरा मिसळून राहिलाय. लेअरवर अल्फा लॉक लाव, म्हणजे रंग आधी रंगवलेल्या भागाबाहेर जात नाही, आणि खांबाच्याच गडद रंगानं कडेवरून जाड ब्रश फिरव. रेघ जाईल. पुढच्या वेळी पारदर्शक लेअरवरच आकार भरायचा आणि मग अल्फा लॉक. आणि जिथे दाखवणार आहात तिथल्या प्रोजेक्टरवर आधी दोन फ्रेम बघून घे. तिथे गडद छटा एकमेकींत मिसळतात, कारखान्याचं चित्र थोडं उचलावं लागेल.

तलावकाठ

रेघ गेली. प्रोजेक्टरवरही बघितलं, तुम्ही म्हणालात तसंच झालं. कारखान्याचा कोपरा पार काळा पडला होता, तो दोन छटा वर आणला.

@रंगपेटी, कारखान्याच्या चित्रातून मी बऱ्याच वस्तू काढल्या, पण दाराशी असलेल्या वहाणा ठेवल्यात. आजोबा मिरवणुकीला अनवाणी जायचे. तिथे काढलेल्या वहाणा काका संध्याकाळी घरी आणायचा. त्या उजेडात नाहीत, कोणाला दिसतीलच असंही नाही. काढू का?

रंगपेटी

नको. उंबऱ्याच्या बाहेर ठेव, दाराकडे पाठ करून.